गोठ्यातील गुरांवरचा उष्णतेचा ताण कसा मोजावा

गोठ्याची पाहणी करताना छताची उंची, पंख्यांची संख्या, पाण्याच्या टाकीची लांबी आणि प्रत्येक जनावरामागे असलेली जागा नोंदवणे सोपे असते, म्हणून प्राणी-कल्याणाचे बरेच विद्यार्थी-प्रकल्प तिथेच सुरू होतात आणि तिथेच संपतात. या नोंदींतून मालकाने काय पुरवले एवढेच कळते. जनावराला त्याचा काय उपयोग झाला, हे जनावराकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. या दोन गोष्टींतले अंतर दाखवणारे एक जुने उदाहरण आहे. १९६५ साली ब्रिटनमध्ये पाळीव जनावरांच्या कल्याणाचा विचार करणाऱ्या ब्रॅम्बेल समितीने पिंजऱ्यातील कोंबड्यांच्या पायाखाली बारीक षट्कोनी जाळी वापरू नये असे सुचवले होते, कारण ती पायांना त्रासदायक असावी असे माणसांना वाटत होते. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी निवड कोंबड्यांवरच सोपवली, तेव्हा कोंबड्यांनी नेमकी तीच जाळी पसंत केली. उन्हाळ्यातील गोठ्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने आणि हौशी अभ्यासकानेही हे उदाहरण सतत लक्षात ठेवावे.

पहिले काम प्रश्न लहान करण्याचे. ‘गुरे सुखी आहेत का’ हा प्रश्न मोजता येत नाही. ‘दुपारी १ ते ४ या वेळात फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे यंत्र) चालू असताना बांधलेल्या संकरित गायींचा श्वासाचा वेग आणि बसण्याचा वेळ बदलतो का’ हा प्रश्न मोजता येतो. प्रश्नात जनावराचा प्रकार स्पष्ट असावा. गवळाऊ गाय, होल्स्टीनचा संकर आणि नागपुरी म्हैस यांची सरासरी एकत्र काढली, तर ती तिघींपैकी कोणाबद्दलच काही सांगत नाही. म्हशीची कातडी काळी असते आणि घामाच्या ग्रंथी गायीच्या मानाने खूपच कमी असतात. तिचा मोठा भर पाण्यात किंवा चिखलात डुंबण्यावर असतो. डुंबायला जागा नसलेल्या शहरालगतच्या गोठ्यातील म्हशीला गायीचे निकष लावणे म्हणूनच चुकीचे ठरते.

हवेचे मोजमाप करताना नुसते तापमान पुरत नाही. तापमान-आर्द्रता निर्देशांकाचे नेहमी वापरले जाणारे एक सूत्र असे आहे: (१.८ × ता + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आ) × (१.८ × ता − २६). यात ‘ता’ म्हणजे अंश सेल्सिअसमधील तापमान आणि ‘आ’ म्हणजे टक्क्यांतील सापेक्ष आर्द्रता. मे महिन्यातील ४२ अंश आणि २५ टक्के आर्द्रतेची दुपार घेतली तर निर्देशांक साधारण ८७ येतो. जुलैत पाऊस उघडल्यावरची ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेची दुपार घेतली तर तो ८८ च्या वर जातो. आठ अंशांनी थंड दिवस आकड्यात जास्त वाईट निघतो, आणि याचे कारण नागपूरकराला वेगळे समजावण्याची गरज नाही: वाळ्याचा कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि जुलैत नुसती चिकचिक वाढवतो. फॉगरचे गणितही हेच आहे, दमट हवेत पाणी नीट उडत नाही आणि गारवा येत नाही, म्हणून फॉगरचा अभ्यास फक्त नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) करून वर्षभराचा निष्कर्ष काढू नये. माझ्या मते विदर्भात जुलै-ऑगस्टचा ताण फारच दुर्लक्षित राहतो.

दुभत्या गायींना ताण सुरू होण्यासाठी या निर्देशांकाचा ७२ हा उंबरठा पुस्तकांत वारंवार दिसतो. तो मुख्यतः थंड प्रदेशातील जातींवरून आलेला आहे. देशी गायी त्याहून पुष्कळ जास्त सहन करतात. शिवाय या निर्देशांकात ऊन आणि वारा मोजलाच जात नाही. तापलेल्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या गायीला वरून जी धग लागते, ती टिपायची असेल तर काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यात बसवलेला तापमापी वेगळा टांगावा लागतो. तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे साधे उपकरण जनावराच्या पाठीच्या उंचीवर, सावलीत आणि फवाऱ्यापासून दूर ठेवावे. त्याने दिवस-रात्र नोंद घ्यावी, कारण रात्री हवा निवली नाही तर दिवसभर साठलेली उष्णता शरीराबाहेर टाकायला जनावराला वेळच मिळत नाही.

यानंतर जनावराकडे वळावे. श्वास मोजण्याला काहीही खर्च येत नाही आणि जनावराला हातही लावावा लागत नाही, पण तो मोजण्याची शिस्त हवी. जनावराच्या बाजूने, थोडे मागे, तीन-चार मीटर अंतरावर उभे राहावे. बरगड्यांच्या मागे कुशीवर जो खोलगट भाग असतो, तो आत गेला आणि बाहेर आला की एक श्वास धरावा. तीस सेकंद मोजून दुप्पट करावे. धाप इतकी लागलेली असेल की मोजणी चुकते, तर दहा श्वासांना किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहावे. आपण जवळ जाताच जनावर उठले किंवा मान वळवून आपल्याकडे पाहू लागले, तर ते शांत होईपर्यंत थांबावे. प्रत्येक नोंदीसोबत जनावर उभे की बसलेले, ऊन अंगावर की सावली, आणि नुकतेच पाणी मारले होते का, हे लिहावे. गायीचा वेग मिनिटाला ६० च्या वर गेला की उष्णतेचा ताण सुरू झाला असे सामान्यतः मानतात. मात्र आकडा कमी झाला म्हणजे आराम पडला असे दर वेळी समजू नये: ताण फार वाढला की उथळ, भरभर श्वास थांबून तोंड उघडे ठेवून खोल आणि सावकाश श्वास सुरू होतो. म्हणून वेगाबरोबरच तोंड उघडे आहे का, लाळ गळते का, जीभ बाहेर आहे का, हेही लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण धरू नये.

वागणुकीच्या नोंदींसाठी प्राणी-वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या निरीक्षण-पद्धती आजही पायाभूत आहेत. गोठ्यासाठी त्यातली ठरावीक अंतराने सर्वांवर नजर फिरवण्याची पद्धत सोयीची पडते: दर दहा मिनिटांनी दावणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत जायचे आणि प्रत्येक जनावर त्या क्षणी काय करत आहे ते लिहायचे. मोकळ्या, आरामात असलेल्या दुभत्या गाई दिवसाचे दहा-बारा तास बसून काढतात. उष्णता वाढली की शरीराचा जास्तीत जास्त भाग हवेला लागावा म्हणून त्या उभ्या राहतात, आणि खुरांच्या दुखण्याला तिथूनही वाट मिळू शकते. ‘अस्वस्थ’, ‘कंटाळलेली’ असे शब्द नोंदवहीत नसावेत. ‘उभी, रवंथ नाही, मान खाली’ असे, कोणीही पाहून तेच लिहील, अशा शब्दांत नोंद असावी. प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी दोघांनी एकाच वेळी, एकमेकांच्या वहीत न पाहता नोंदी कराव्यात आणि त्या किती जुळतात ते कॅपा गुणांकाने (योगायोगाने होणारी जुळणी वगळून खरी जुळणी सांगणाऱ्या आकड्याने) तपासावे. त्या जुळत नसतील तर व्याख्या बदलाव्यात.

आराखड्यात एक चूक फार आढळते. एका गोठ्यात फॉगर लावला, दुसऱ्यात लावला नाही, आणि दोन्हीकडे वीस-वीस गायी मोजल्या, तर नमुना चाळीसचा होत नाही. तुलना दोन गोठ्यांचीच राहते. त्या दोन गोठ्यांत ढेप वेगळी असेल, छत वेगळे असेल, गवळ्याचा हात वेगळा असेल. शक्य असेल तिथे त्याच गायींना काही दिवस फॉगर चालू आणि काही दिवस बंद असे आलटून पालटून द्यावे, आणि क्रम चिठ्ठी टाकून ठरवावा. दूध मोजणार असाल तर उष्णतेचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो, हे धरून पाळ्या पुरेशा लांब ठेवाव्यात. आधीपासून मिळत असलेली सावली, पाणी किंवा पंखा तुलनेसाठी काढून घेणे योग्य नाही. जे नव्हते ते देऊनच तुलना करावी.

नागपूरच्या महाराजबाग किंवा गोरेवाडा येथील पिंजऱ्यांतल्या प्राण्यांकडे वळणाऱ्याने प्राणिसंग्रहालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि तिथे संख्या तुटपुंजी असल्याने प्रत्येक प्राण्याची स्वतःशीच तुलना करावी. बिबट्याच्या येरझारा खाण्याच्या वेळेआधी वाढू शकतात, म्हणून निरीक्षणाची वेळ रोज बदलती ठेवावी.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अन्य संस्थेत काम करणाऱ्याने आराखडा आधी संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीपुढे ठेवावा. केवळ पाहण्याचा अभ्यास असला तरी त्याला परवानगी लागते की नाही, हे समितीने ठरवावे. रक्त काढायचे असेल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील नियम लागू होतात का, ते तिथेच स्पष्ट करून घ्यावे. नुसते पकडून धरल्यानेही रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, म्हणून शक्य तिथे शेणाचा नमुना बरा. पशुपालकाची संमती मराठीत, त्याला वाचून दाखवून घ्यावी.

थांबण्याची अट आराखड्यातच लिहिलेली असावी: तोंड उघडे, जीभ बाहेर, किंवा गुदद्वारातील तापमान ४१ अंश झाले की मोजणी बंद करावी, पाणी मारावे, वारा द्यावा आणि डॉक्टरांना बोलवावे. त्या दिवशीची नोंद अर्धवट राहिली तरी ती खोडू नये, ‘थांबवली’ असे कारणासह लिहावे. सर्वाधिक त्रास झालेली जनावरेच आकडेवारीतून गळाली, तर उरलेली सरासरी गोठा प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा गार दाखवते.