पॉडगाड्यांचं रूटिंग: रिटर्न भाड्याचा हिशेब चुकवू नका

रिक्षावाला ‘तिकडून रिटर्न भाडं मिळत नाही’ म्हणून नकार देतो, तेव्हा आपण चिडतो. मागणीनुसार धावणाऱ्या छोट्या चालकविरहित गाड्यांचं, म्हणजे पॉडचं सिम्युलेशन (संगणकावर त्यांच्या वाहतुकीची नक्कल) लिहायला बसलं की मात्र पटतं, हिशेब त्याचाच बरोबर होता.

नवखे लोक सगळा जीव ‘सर्वांत जवळचा रस्ता’ शोधण्यावर ओततात. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ मध्ये सुरू झालेल्या पॉडसेवेत गाड्या २१, मार्गिका (फक्त पॉडसाठीचा वेगळा रस्ता) ३.८ किलोमीटर आणि स्थानकं फक्त तीन. तिथे रस्ता शोधण्यात कसलं कोडं? खरा प्रश्न असतो तो गाडी रिकामी झाल्यावर कुठे पाठवायची हा. नेहमी होणाऱ्या चार चुका अशा.

रिकाम्या खेपा न मोजणं

समजा, अ स्थानकावरून ब कडे तासाला ६० खेपा जातात आणि उलट फक्त १०. एका बाजूचा प्रवास ६ मिनिटांचा. भरलेल्या गाड्याच मोजल्या तर कोणत्याही क्षणी सरासरी ७ गाड्या रस्त्यावर असतात, म्हणून लोक ८ गाड्या घेतात. पण ब वर साठणाऱ्या ५० गाड्या दर तासाला परत आणाव्याच लागतात, म्हणजे आणखी ५. ७ आणि ५ मिळून आकडा १२ वर जातो, तोही चढण्या-उतरण्याचा वेळ आणि चार्जिंग न धरता. अ वरची रांग वाढतेय आणि ब वर पॉड आराम करतायत असं दिसलं, तर अल्गोरिदम बदलण्याआधी हा हिशेब तपासा. आणि रिकामी गाडी विनंती येण्याची वाट न बघता आधीच हलवा. अ वर किती गाड्या राखून ठेवायच्या ते सकाळ-संध्याकाळसाठी वेगवेगळं ठरवा.

मुंबईत बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलासाठी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पॉड टॅक्सीच्या आराखड्यात वांद्रे आणि कुर्ला ही टोकं ८.८५ किलोमीटरच्या मार्गाने जोडायची आहेत, मध्ये ३८ स्थानकं. सकाळी लोकल रिकामी झाली की सगळे एकाच दिशेला. हीच गोष्ट, फक्त मोठी.

नकाशावर जवळची गाडी पाठवणं

मार्गिका बहुधा एकदिशा असते. प्रवाशापासून ५० मीटरवरची पॉड पुढे निघून गेलेली असेल, तर तिला अख्खा फेरा मारून यावं लागतं. त्यापेक्षा ४०० मीटर मागून येणारी लवकर पोचते. अंतर सरळ रेषेत न मोजता, मार्गिकेवरून लागणाऱ्या सेकंदांत मोजा.

याचंच भावंड म्हणजे कोणती पॉड कोणत्या प्रवाशाकडे जाणार ही नेमणूक दर सेकंदाला बदलत राहणं. दोन पॉड एकमेकींच्या प्रवाशांची अदलाबदल करत बसतात आणि स्क्रीनवरचा अंदाज ३ मिनिटं, ५ मिनिटं, पुन्हा ३ असा नाचतो. निदान २०-३० सेकंद वाचत असतील तरच नेमणूक बदला.

मार्गिकेची क्षमता म्हणजे स्थानकाची क्षमता समजणं

दर ३ सेकंदांनी एक गाडी धरली तर मार्गिकेवरून तासाला १,२०० गाड्या जातात. आकडा ऐकून सगळे खूश. पण फलाटावरच्या एका जागेत गाडी आत येऊन, माणसं चढून, बाहेर पडेपर्यंत ४० सेकंद लागत असतील, तर त्या जागेतून तासाला फक्त ९० गाड्या सुटतात. चार जागांच्या ३६०. म्हातारं माणूस आणि दोन बॅगा असल्या की त्याहून कमी.

इथेच सगळ्यात वाईट बिघाड होतो. फलाटावर रिकाम्या पॉड उभ्या, त्यांना बाहेर काढायचं कारण नाही. मागे भरलेल्या पॉड, त्यांना आत जागा नाही. रांग मुख्य मार्गिकेवर आली की सगळंच ठप्प. उपाय असा: गाडी सोडतानाच पोचण्याच्या वेळेची जागा राखून ठेवा, भरलेली गाडी जवळ आली की रिकामीला बाहेर ढकला, आणि तरीही जागा नसेल तर आलेल्या गाडीला एक फेरा मारायला लावा. प्रवासी कुरकुरेल, पण जाळं चालू राहील.

‘मागणीनुसार’ या शब्दाचा हट्ट

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनची विद्यापीठाला जोडणारी यंत्रणा १९७५ पासूनची. मागणीच्या पद्धतीत तिथे एकाच स्थानकाला जाणारे १५ जण जमले किंवा पहिल्याला ५ मिनिटं झाली, की गाडी सुटते. पण गर्दीची वेळ आधीच ठाऊक असते, तेव्हा तीच यंत्रणा वेळापत्रकानेही चालवता येते. पन्नास वर्षांपूर्वीच्या संगणकांवर लोकांनी एवढा शहाणपणा दाखवला, हे मला फार आवडतं.

शेवटची एक बारीक गोष्ट. सरासरी प्रतीक्षा २ मिनिटं दिसली म्हणून काम संपवू नका. आडबाजूच्या स्थानकावरचा एकटा प्रवासी १५ मिनिटं उभा असेल, तर तो सरासरीत दिसतच नाही. प्रत्येक स्थानकाची शंभरातली सर्वांत वाईट पाच प्रतीक्षा वेगळी छापा. रिकाम्या गाड्या कुठे चुकतायत ते त्या यादीतच सापडतं.