फवारणी करूनही विषाणूजन्य रोग पसरतोय? या चुका टाळा

कीटकनाशक योग्य, प्रमाण बरोबर, कीडही मेलेली. तरी आठवड्याभरात नव्या झाडांवर मोझॅक, म्हणजे पानांवरचे हिरवे-पिवळे चट्टे, दिसतो. लगेच औषध बदलू नका. आज दिसणारी लक्षणं बहुतेकदा एक-दोन आठवड्यांपूर्वीच्या लागणीची असतात. शिवाय विषाणू किडीबरोबर नुसता फिरत नाही. झाडाचा वास, रसाची चव आणि कधी किडीचं वागणंही तो बदलतो.

सगळ्यात महागात पडते ती ‘पानाखाली मावा नाही, म्हणजे माव्याचा संबंध नाही’ ही समजूत. काकडी मोझॅक विषाणूची लागण झालेलं भोपळावर्गीय झाड माव्याला ओढणारा वास जास्त सोडतं, पण रस मात्र त्याला रुचत नाही. मावा येतो, सोंड टोचून चव घेतो आणि उडून जातो. विषाणूचं काम तेवढ्यात होतं. सोंडेला चिकटायला आणि पुढच्या झाडात उतरायला काही सेकंद ते मिनिटभर पुरतं. म्हणून रोगट झाडावर बऱ्याचदा मावा दिसतच नाही.

इथे आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणाऱ्या) कीटकनाशकावर विसंबणं ही दुसरी चूक. मावा मरतो, पण टोचून झाल्यावर. त्यापेक्षा खनिज तेलाची फवारणी कामाची. लेबलवरचं प्रमाण पाळा, पानाची खालची बाजू पूर्ण भिजवा, आणि नवीन पालवीवर तेल नसतं म्हणून जोमाच्या वाढीत दर आठवड्याला पुन्हा फवारा. गंधकाच्या फवारणीच्या आगेमागे तेल नको, पानं करपतात. लागवडीपासूनच चंदेरी आच्छादन घातलं तर उडता मावा कमी उतरतो.

टोमॅटो यलो लीफ कर्ल (पानं पिवळी पडून आकसण्याचा, पांढरी माशी पसरवते तो विषाणूजन्य रोग) याचं गणित वेगळं. पांढऱ्या माशीला रस शोषत बराच वेळ बसावं लागतं आणि विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोचायला काही तास जातात. त्यामुळे रोपवाटिकेतली आंतरप्रवाही प्रक्रिया इथे उपयोगी पडते. एकच वेळापत्रक दोन्ही रोगांना लावू नका.

फुलकिड्यांच्या बाबतीत फक्त प्रौढांवर नेम धरला जातो. फुलकिडे पसरवतात त्या स्पॉटेड विल्ट रोगाचा विषाणू पिलांच्या अवस्थेत अंगात शिरला तरच प्रौढ तो पसरवतो, आणि मग आयुष्यभर पसरवतो. २०११ च्या एका अभ्यासात लागण झालेले नर निरोगी नरांच्या तिपटीपर्यंत टोचे मारताना आढळले. म्हणजे थोडे फुलकिडेही पुरतात. पिलं जिथे वाढतात ती रोगट झाडं आणि बांधावरची तणं आधी काढा.

काढतानाही क्रम चुकतो. उपटलं की हादऱ्याने कीड उडते, आणि ती कुठे जाईल हे विषाणू ठरवून देतो. गव्हावरच्या बार्ली यलो ड्वार्फ या माव्यातून पसरणाऱ्या विषाणूच्या प्रयोगात विषाणू नसलेला मावा रोगट रोपांकडे वळला, विषाणू घेतलेला मात्र निरोगी रोपांकडे. तेव्हा आधी रोगट झाड आणि भोवतालची झाडं फवारा. लेबलवर दिलेला पुन्हा शेतात जाण्याचा काळ संपल्यावर झाडावर प्लास्टिकची पिशवी चढवा, तोंड बुंध्याशी बांधा, मगच मुळासकट काढा. पिशवी बांधावर न टाकता शेताबाहेर न्या.

कीड अडवणाऱ्या जाळीतही एकच माप सगळ्यांना लावण्याची चूक होते. ५० मेशची (इंचाला ५० छिद्रांची) जाळी पांढरी माशी अडवते, फुलकिडे मात्र तिच्यातूनही आत शिरतात. त्यांच्यासाठी याहून बारीक जाळी लागते, आणि हवा खेळती राहावी म्हणून तिचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं.