रेल्वे स्थानकावरील मोफत वाय-फाय कसे वापरावे

मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीची मोफत वाय-फाय सेवा सुरू झाली आणि पुढे ती देशभरातील हजारो स्थानकांवर पोहोचली. गाडीला उशीर असताना ती वापरण्यात गैर काही नाही, मात्र जोडणी करताना घाई करू नये.

सर्वप्रथम नेटवर्कचे नाव पाहावे. रेलटेलचे नेटवर्क ‘रेलवायर’ या नावाने दिसते. तथापि आपल्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला कोणीही हेच नाव देऊ शकतो, त्यामुळे नाव जुळले एवढ्यावर विसंबून राहू नये.

खरी पारख लॉगिनच्या पानावर होते. मोफत वापरासाठी तेथे मोबाईल क्रमांक आणि ओटीपी पुरेसा असतो. कार्डाचा तपशील, ईमेलचा पासवर्ड किंवा यूपीआय पिन मागितला, अथवा एखादे ॲप डाउनलोड करण्यास सांगितले, तर तत्काळ वाय-फाय बंद करावे. ओटीपीचा संदेशही पूर्ण वाचावा. बनावट पानावर तुम्ही क्रमांक भरताच पलीकडचा माणूस त्याच क्रमांकाने व्हॉट्सॲपची नोंदणी सुरू करू शकतो, आणि तो ओटीपी वाय-फायचा समजून तुम्ही त्या पानावर भरलात की खाते त्याच्या हाती जाते.

लॉगिन झाल्यावर ब्राउझरने ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा दिल्यास ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय निवडू नये. (लॉगिनपूर्वी असा इशारा अनेकदा विनाकारणही येतो.) मात्र इशारा आला नाही म्हणून संकेतस्थळ प्रामाणिक ठरत नाही, माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पैशांचे व्यवहार मोबाईल डेटावरच करावेत. बँकांची ॲप स्वतःच माहिती सांकेतिक रूपात पाठवतात हे खरे, पण एका व्यवहाराला डेटा लागतो तो कितीसा? मोफत व्हीपीएनचा (आपली सगळी माहिती स्वतःच्या सर्व्हरमार्फत सांकेतिक रूपात नेणाऱ्या सेवेचा) सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही, कारण त्यात वाय-फाय चालकाऐवजी आणखी एका अनोळखी कंपनीवर भरवसा टाकावा लागतो.

काम झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क काढून टाकावे, अन्यथा त्याच नावाचे कोणतेही खुले नेटवर्क आढळताच फोन आपणहून जोडला जातो. खात्यातून पैसे गेल्याचे लक्षात आल्यास बँकेला कळवून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.