जुन्या उपनगरात घर घेताय? या चुका टाळा

जुन्या, वसलेल्या उपनगरातलं घर पाहायला गेलं की निम्मा व्यवहार रस्त्यातच होऊन जातो. दोन्ही बाजूंनी कमान धरलेली झाडं, एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली घरं, पायी जाता येईल एवढ्यावर शाळा. मीही असाच भुललो. फाटकाशी असलेल्या एका मोठ्या झाडाने मला जिंकलं, आणि तीन महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की खालच्या बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. प्लंबरने ड्रेनेजच्या पाइपात कॅमेरा सोडला. पाइपाच्या सांध्यातून आत शिरलेला मुळांचा झुपका दिसला, हुबेहूब गंगावन. मुळं अर्थातच त्याच झाडाची.

तेव्हापासून ओळखीपैकी कोणी जुनं घर पाहायला निघालं की मला बरोबर नेतात. तिथे पुन्हापुन्हा दिसलेल्या चुका लिहितो आहे. त्यातल्या काही माझ्या स्वतःच्या.

घराचं वय एकच धरणं

"घर पन्नास वर्षांचं आहे" या वाक्याला तसा फारसा अर्थ नाही. भिंती पन्नास वर्षांच्या असतील, छप्पर बारा वर्षांचं, वायरिंग मूळचंच, मागची खोली मध्येच कधीतरी वाढवलेली आणि स्वयंपाकघर गेल्या वर्षीचं. जुन्या घरात प्रत्येक गोष्टीला स्वतःचं वय असतं, आणि खर्च काढणारी गोष्ट बहुधा सगळ्यात कमी दिसणारी असते.

म्हणून मालकाला "काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारू नका. उत्तर "छे, काहीच नाही" असंच येतं, आणि ते खोटंही नसतं, कारण त्यांना त्या घराची सवय झालेली असते. "वायरिंग शेवटचं कधी बदललं? छपराचं काम कोणी केलं? पावती आहे का?" असं एकेक विचारा. उत्तर देताना माणूस जिथे अडखळतो, तिथे जरा जास्त वेळ थांबा.

नळाच्या पाइपांचंच घ्या. जुन्या घरांत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप सर्रास असतात. साधारण चाळीस-पन्नास वर्षांत ते आतून गंजून अरुंद होतात. बाहेरून काही कळत नाही, पण रात्रभर बंद असलेला नळ सकाळी उघडला की पहिलं पाणी तांबूस येतं. म्हणून घर सकाळी पाहायला जा आणि पहिला नळ स्वतः उघडा. त्याच जुन्या लोखंडी पाइपाला कोणी मध्येच तांब्याचा तुकडा थेट जोडला असेल, तर त्या सांध्याशी लोखंड आणखी लवकर गंजतं. अर्धवट बदललेलं प्लंबिंग दिसलं की मला अजिबात न बदललेल्यापेक्षा जास्त धास्ती वाटते.

ताज्या रंगावर विश्वास ठेवणं

विकायला काढलेल्या घराला रंग लावणारच, त्यात वावगं काही नाही. पण बाकी भिंत जुनी आणि एकच कोपरा नवा, किंवा सगळ्या खोल्यांत उघडी स्लॅब आणि एकाच खोलीत फॉल्स सीलिंग, असं दिसलं तर ते आधी तपासा. कपाट जरा सरकवू द्याल का, असं विचारायला लाजू नका.

भिंत बोटांच्या पेरांनी ठोकत चला. चांगला गिलावा टणक वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. जोत्यालगत पांढरा लोणा किंवा फुगलेले पोपडे दिसले तर जमिनीतली ओल वर चढते आहे. वर छताशी डाग असेल तर पाणी वरून येतं आहे. दोन्हींचे इलाज वेगळे, खर्चही वेगळे.

भेगांना घाबरणारे फार घाबरतात आणि न घाबरणारे त्यात पुट्टी भरून मोकळे होतात. गिलाव्यातली केसासारखी बारीक, एक मिलिमीटरच्या आतली भेग बहुतेकदा नुसती दिसायला वाईट असते. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी, किंवा पाच मिलिमीटरहून रुंद झालेली भेग मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायलाच हवी. भेग वाढते आहे की थांबली आहे, हे रुंदीपेक्षाही महत्त्वाचं. शेजारचं दार चौकटीला घासत असेल तर ती बहुधा थांबलेली नाही.

काँक्रीटच्या घरात बीम आणि कॉलमच्या कडेने उभी-आडवी सरळ भेग दिसली तर आतली सळई गंजते आहे असं समजा. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडून बाहेर ढकलतो. वरून सिमेंट थापल्याने ते थांबत नाही. खराब काँक्रीट काढून, सळई घासून, गरज पडली तर जोडसळई देऊनच काम करावं लागतं.

झाड पाडलं की प्रश्न मिटला असं समजणं

झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात. धडधाकट पाइप ती सहसा फोडत नाहीत. जुन्या भाजलेल्या मातीच्या पाइपांचे सांधे झिरपतात, त्या ओलाव्याच्या मागे मुळं जातात आणि फटीतून आत शिरतात. म्हणजे दोष आधी पाइपाचा, मग झाडाचा. माझ्याकडे पाइपाचा तेवढा भाग बदलला, झाड अजून उभं आहे.

चिकणमातीच्या जमिनीत तर घाई महागात पडते. मोठं झाड वर्षानुवर्षं मातीतलं पाणी ओढत असतं. ते एकाएकी काढलं की माती पुन्हा पाणी पिते, फुगते आणि पाया वर उचलला जाऊ शकतो. शिवाय अनेक ठिकाणी मोठं झाड तोडायला परवानगी लागते. "घेतल्यावर पाडून टाकू" असा हिशेब मनात असेल तर आधी इंजिनिअर आणि परवाना, दोन्हींची चौकशी करा.

कोरड्या दिवशी घर पाहून ठरवणं

जुन्या वस्तीत एक गोष्ट हळूहळू घडते. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, आणि घराचं जोतं मात्र आहे तिथेच राहतं. कधीकाळी रस्त्याहून दोन पायऱ्या उंच असलेलं घर आज एकाच पायरीवर आलेलं असतं. फाटकात उभं राहून रस्ता आणि उंबरठा यांची उंची ताडून पाहा. घरालगतच्या जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार हवा, पहिल्या तीन मीटरांत साधारण पंधरा सेंटिमीटर. अंगणाला सुंदर फरशी घालताना हा उतार हमखास उलटा होतो.

जोराचा पाऊस पडून गेल्यावर तासाभरात पुन्हा एक चक्कर मारा. ते जमलं नाही तर शेजारच्या वयस्कर माणसाला विचारा, पाणी कुठपर्यंत येतं म्हणून. बोट दाखवून खूण सांगतील.

ड्रेनेजची परीक्षा सोपी आहे. एकाने अंगणातल्या चेंबरचं झाकण उघडून उभं राहायचं, दुसऱ्याने वर फ्लश ओढायचा आणि दोन नळ पूर्ण सोडायचे. पाणी सपकन पुढे गेलं पाहिजे. रेंगाळलं, किंवा चेंबरच्या भिंतीवर वरपर्यंत जुन्या पाण्याची रेघ दिसली, तर कॅमेरा सोडून तपासणी करूनच पुढे बोला. ती लाइन शेजाऱ्यांबरोबर सामाईक आहे का, तेही तेव्हाच विचारून घ्या. जुन्या वस्त्यांत असं असू शकतं, आणि तुंबल्यावर दुरुस्ती कोणी करायची यावरून वर्षानुवर्षं अबोले चालतात.

तीन भोकांचा सॉकेट पाहून निश्चिंत होणं

जुन्या दोन तारांच्या वायरिंगवर नवे तीन पिनांचे सॉकेट बसवलेले मी कितीतरी घरांत पाहिले आहेत. तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार नसतेच. इलेक्ट्रिशियनला बरोबर न्या, त्याला चार-दोन सॉकेट उघडून टेस्टरने तपासू द्या. बोर्डात तीस मिलिअँपिअरचं गळती-प्रवाह ओळखून वीज तोडणारं आरसीसीबी आहे का, तेही पाहा. उत्तर अमेरिकेत १९६५ ते १९७३च्या सुमारास बांधलेल्या अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. जोडणीपाशी त्या सैल होऊन तापतात, म्हणून तिथे वायरिंगच्या प्रश्नाला वेगळंच वजन आहे.

जुन्या साहित्याबद्दल थोडक्यात. पन्हाळी सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून आत गेल्यास घातक ठरणारे बारीक तंतू, असू शकतं. पत्रा धड असेल तर जागेवर राहू द्या, पण त्याला भोकं पाडू नका, कापू नका, फोडू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत शिसं असलेल्या घरगुती रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली, बऱ्याच देशांत त्यानंतर. लहान मुलं असलेल्या घरात जुना रंग तपासून घेतल्याशिवाय कोरडा घासायचा नाही.

कुंपणाला हद्द मानणं

कुंपण कोणीतरी कधीतरी सोयीने घातलेलं असतं. कागदावरची हद्द वेगळी निघू शकते. कागदावरची मापं आणि जागेवरची मापं मोजणी करून जुळवा. मागची वाढीव खोली, बंद केलेली बाल्कनी, गॅरेजवरची खोली मंजूर नकाशात आहे का, ते पाहा. नसेल तर तो प्रश्न विकणाऱ्याकडून तुमच्याकडे येतो, आणि कर्ज देणारेही तिथेच अडतात. कोणाची वहिवाट तुमच्या आवारातून जाते का, हेही वकिलाला विचारा. विसार देण्याआधी "तपासणीत मोठा दोष निघाला तर रक्कम परत" ही अट लेखी घ्या. तोंडी कबुली नंतर कोणाला आठवत नाही.

राहायला गेल्यावर: दुखणं नेमकं कुठे

एकाच नळाला पाणी कमी असेल तर नळाची जाळी काढून धुवा. सगळ्याच नळांना कमी असेल तर मुख्य व्हॉल्व्ह आणि पाइप पाहा. फक्त गरम पाण्याला जोर नसेल तर गीझरकडे वळा.

पाण्याचं बिल फुगलं तर सगळे नळ बंद करून मीटरकडे पाहा. काटा फिरत असेल तर गळती आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून वीस मिनिटं थांबा. न ओढता भांड्यात रंग उतरला तर टाकीचा वायसर गेला आहे.

भिंत ओली आहे, पण ओल कुठून येते ते कळत नाही? हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीला लावा. दोन दिवसांनी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते आहे, खिडक्या उघडा. भिंतीकडच्या बाजूला असेल तर पाणी भिंतीतूनच येतं आहे.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. वर्षभर, निदान एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा, पाहत राहा. मोठी तोडफोड त्याआधी काढू नका.

आणि कामाचा क्रम चुकवू नका. आधी छप्पर आणि पाण्याचा निचरा, मग स्ट्रक्चर, मग वायरिंग आणि पाइप, सगळ्यात शेवटी टाइल्स आणि रंग. ठरवलेल्या रकमेच्या वर दहा ते वीस टक्के बाजूला ठेवा, भिंत उघडली की काहीतरी निघतंच. माझ्या एका मित्राने आधी स्वयंपाकघर केलं, कारण घरात सगळ्यांना तेच हवं होतं. पाच महिन्यांनी ओट्यामागचा पाइप गेला. टाइल्स फोडाव्या लागल्या, आणि तोवर त्या रंगाचा माल बाजारातून संपला होता. त्याच्या ओट्यामागे आज एक पट्टा वेगळ्याच छटेचा आहे, आणि पाहुण्यांना तो "डिझाइनच तसं आहे" असं सांगतो.