जुन्या शिडाच्या बोटीचे घर करताना

1970 ते 1985 या काळात युरोप-अमेरिकेत बांधलेल्या, तीस ते चौतीस फूट लांबीच्या फायबरग्लासच्या शिडाच्या बोटी आजही जगभरच्या बंदरांत विकाऊ म्हणून उभ्या असतात. त्या काळी फायबरग्लास तुलनेने नवे होते, ते किती जाड असले म्हणजे पुरे याचा नेमका अंदाज बांधणाऱ्यांना नव्हता, म्हणून अनेकांनी सढळ हाताने थर चढवले. त्यातल्या कित्येक बोटींचे कवच आजही ठणठणीत आहे. ब्रिटनमध्ये 1971 पासून तयार होऊ लागलेली कॉन्टेसा 32 हे त्याचे नेहमीचे उदाहरण. 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने 15 स्पर्धकांचा बळी घेतला, त्या शर्यतीत सर्वांत लहान बोटींच्या गटातून अंतिम रेषा गाठणारी एकमेव बोट याच जातीची होती.

अशी बोट स्वस्तात मिळते, पण तिच्यावर राहून लांबचा प्रवास करता येईल इतकी ती तयार करणे स्वस्त नसते. खरेदीला जेवढे पैसे लागतील तेवढेच दुरुस्तीसाठी बाजूला काढता येत नसतील, तर लहान बोट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी गोष्ट क्रमाची. आधी पाणी बाहेर राहिले पाहिजे, मग डोलकाठी उभी राहिली पाहिजे, त्यानंतर इंजिन आणि वीज, आणि गाद्या, पडदे, ओटा हे सर्वांत शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे करतात, कारण केबिनमधली सुतारकी दिसते आणि येणारा-जाणारा तिचे कौतुक करतो. डोलकाठीच्या तारा बोटीला जखडणारी धातूची पट्टी, म्हणजे चेनप्लेट, बदलल्याचे कौतुक कोणी करत नाही.

खरेदीपूर्वी बोट पाण्याबाहेर काढून जाणकार सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावीच, पण त्याच्या आधी अर्धा दिवस स्वतः प्लास्टिकच्या डोक्याची लहान हातोडी घेऊन डेकवर बसावे. बहुतेक जुन्या बोटींचा डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये बाल्साच्या हलक्या लाकडाचा किंवा प्लायवुडचा गाभा. कठड्याचे खांब, दोर बांधायचे क्लीट, दोर ताणायचे विंच यांचे बोल्ट या गाभ्यातून आरपार जातात, त्यांच्याभोवतीचे पाणी अडवणारे सीलंट पंधरा-वीस वर्षांत मरते आणि पावसाचे पाणी थेंबाथेंबाने आत मुरू लागते. चांगल्या जागी हातोडी वाजवली की टणक, स्वच्छ आवाज येतो. गाभा कुजलेल्या जागी तोच आवाज बद्द होतो. खडूने त्या जागांभोवती रेघ ओढत जावे. तासाभरात डेकवर जो नकाशा उमटतो, तो विक्रेत्यासमोर ठेवला की किंमत आपोआप खाली येते. बद्द भाग हातभर असेल तर ते काम आपल्या हातचे आहे. अर्धा डेक असेल तर दुसरी बोट पाहावी.

गाभ्याच्या दुरुस्तीत कौशल्यापेक्षा चिकाटी जास्त लागते. वरचा थर कापून उचलायचा, ओले लाकूड खरवडून काढायचे, उरलेला भाग पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबायचे, नवा गाभा इपॉक्सीत (दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) बसवायचा आणि वर पुन्हा काच-कापड चढवायचे. जुन्या-नव्याचा सांधा उतरता घासावा लागतो. थराच्या जाडीच्या बारापट रुंद उतार हे प्रमाण धरावे. मात्र खरी मेख त्यानंतर आहे. प्रत्येक बोल्टचे भोक आधी हवे त्यापेक्षा मोठे पाडावे, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावे आणि ती सुकल्यावर तिच्या मधोमध बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. मग सीलंट कधी फुटले, तरी पाण्याला गाभा सापडत नाही. पुढेमागे काढावी लागणारी फिटिंग पॉलियुरेथेनच्या पक्क्या सीलंटने कधीही चिकटवू नयेत, ती काढताना डेकचा थर सोबत येतो. त्यांना मऊ, रबरी ब्युटाइल टेप उत्तम.

हे काम कोकणात किंवा गोव्यात करायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने राखून ठेवावेत. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट पापुद्रा धरतो, आणि तो धुऊन न काढता पुढचा थर दिला तर तो सुटून येतो. पावसाळ्यात करू असे म्हणणाऱ्याला दुसरीही अडचण येते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी ओढायच्या जागा मच्छीमारांच्या नौकांनी भरलेल्या असतात आणि कारागीरही त्यांच्याच कामात असतात. त्या दिवसांत आपली बोट किनाऱ्यावर नीट शाकारून ठेवावी आणि आत इंजिनचे काम करावे.

1964 साली मुंबईत सागवानात बांधून पाण्यात सोडलेल्या सुहैली या बोटीतून ब्रिटिश नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघाल्यावर काही आठवड्यांतच फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, आणि त्यांना भर समुद्रात बुडी मारून फटीत कापूस ठोकावा लागला व वर तांब्याची पट्टी मारावी लागली. फायबरग्लासला सांधे नसतात. तिथे पाणी येते ते माणसाने पाडलेल्या भोकांतून. इंजिनचे थंड पाणी, संडास, मोरी, पाण्याची खोली मोजणारे यंत्र यांसाठी जुन्या बोटीच्या तळाला आठ-दहा भोके सहज असतात. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंची नळी निसटली तर मिनिटाला सुमारे 140 लिटर पाणी आत येते, आणि बोटीवरचा नेहमीचा विजेचा पंप ते उपसू शकत नाही. म्हणून प्रत्येक सी-कॉक, म्हणजे भोकावरची बंद करता येणारी झडप, उघडून तपासावा. चाकूच्या टोकाने धातू खरवडला असता पिवळा निघण्याऐवजी गुलाबीसर निघाला, तर पितळातले जस्त खाऱ्या पाण्याने खाल्ले आहे असे समजावे. ती झडप उद्या हातात येईल. बदलताना साधे पितळ न घेता कांस्य किंवा जस्त न सोडणारे खास पितळच घ्यावे. नको असलेली भोके कायमची बुजवून टाकावीत. उरलेल्या प्रत्येक नळीला दोन क्लॅम्प लावावेत आणि प्रत्येक सी-कॉकला दोरीने एक निमुळती लाकडी खुंटी बांधून ठेवावी. विजेच्या पंपाखेरीज एक हातपंप असा बसवावा, की केबिनचे दार बंद असतानाही तो कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेतून, मारता येईल.

कीलच्या (बोटीच्या तळाखालच्या जड पात्याच्या) बोल्टांपाशी गंजाचे ओघळ असतील, किंवा कील आणि तळ यांच्यामध्ये पुढच्या बाजूला बारीक फट दिसत असेल, तर एखादा बोल्ट काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचे वय माहीत नसेल, तर त्या बदलायच्याच असे धरून चालावे. दहा ते पंधरा वर्षांनंतर त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नाही, आणि बहुतेक विमा कंपन्याही तेच म्हणतात. तार बहुधा मधे तुटत नाही. खालच्या टोकाला, जिथे ती नळीत दाबून बसवलेली असते आणि पाणी साचते, तिथे एकेक धागा सुटू लागतो. त्याहून धोकादायक म्हणजे चेनप्लेट. स्टेनलेस स्टीलला चकाकी टिकवण्यासाठी प्राणवायू लागतो, आणि डेकमधून जाताना नेमका तो ओल्या, बंद फटीत त्याला मिळत नाही. वर आणि खाली आरशासारखी दिसणारी पट्टी मधल्या बोटभर भागात आतून पोखरलेली असू शकते. ती पूर्ण बाहेर काढून, घासून, भिंगाखाली पाहिल्यावाचून तिच्याविषयी काहीही म्हणता येत नाही. शिडांच्या बाबतीत कापडाआधी शिवण जाते. अंगठ्याच्या नखाने शिवण ओरबाडावी. दोरा तुटला तर सगळे शीड नव्या, उन्हाला टिकणाऱ्या दोऱ्याने पुन्हा शिवून घ्यावे, आणि त्याच वेळी मुख्य शिडाला तिसरी रीफ (जोराच्या वाऱ्यात शीड लहान करायची सोय) घालून घ्यावी.

जुने डिझेल इंजिन फिरत असेल, धूर फार करत नसेल, तर ते बदलण्याची घाई करू नये. त्रास बहुतेक वेळा इंजिनभोवतीच्या गोष्टींचा असतो: टाकीच्या तळाला साचलेला चिखल, पाण्याच्या पंपातला झिजलेला इम्पेलर, काजळीने तुंबलेला एक्झॉस्टचा बाक, इंजिनखालचे मऊ पडलेले रबरी माउंट. टाकी उघडून पुसून काढावी, कारण पहिल्या मोठ्या लाटांत तो चिखल ढवळला जाऊन फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंदरात शिरतानाच बंद पडते.

वीज मात्र मुळापासून नवी करावी. चाळीस वर्षांत चार मालकांनी ओढलेल्या तारा एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांतली कोणती जिवंत आणि कोणती मेलेली हे शोधण्यात जाणाऱ्या वेळात नव्या ओढून होतात. तार कलई केलेल्या तांब्याची घ्यावी, जोड दाबून करावेत, डाग देऊन नव्हे, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच मुख्य फ्यूज असावा. बॅटरी किती हवी हे आधी हिशेब करून ठरवावे. उष्ण हवेत लहान फ्रिज दिवसाला 50 अँपिअर-तास खातो. पंखे, दिवे, उपकरणे, फोन यांचे आणखी 30 धरावेत. ढगाळ दोन दिवसांची सोय करायची तर 160 हवेत. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून तिची क्षमता 320 लागते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची 200 पुरते, मात्र तिला इंजिनच्या अल्टरनेटरवरून थेट चार्ज करू नये, तो तापून जळतो. मधे विजेचा प्रवाह आवरणारा डीसी-डीसी चार्जर बसवावा. छतावर तीनशे-चारशे वॅटची पॅनेल असली तर कोकणातल्या हिवाळी उन्हात हा खर्च भागतो, परंतु बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली पॅनेलवर पडू देऊ नये.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर तो खिडकी-दारातून जाऊ शकतो. बोटीत तो तळाशी साचतो आणि इंजिन सुरू करतानाच्या ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडर केबिनमध्ये मुळीच ठेवू नये. त्यासाठी डेकवर हवाबंद कप्पा करावा आणि त्याच्या तळापासून थेट बोटीबाहेर उघडणारी, पाण्याच्या वरच राहणारी नळी काढावी. पाण्यासाठी प्रवासात माणशी दिवसाला 5 लिटर धरले तर 200 लिटरची टाकी दोघांना वीस दिवस पुरते, पण टाकी एकच असली आणि ती खारी झाली तर काय, याचा विचार करून चार डबे वेगळे भरून ठेवावेत. मोरीवर समुद्राच्या पाण्याचा पायपंप बसवला की भांडी त्यावर घासता येतात.

आपल्या हवेत राहायचे तर वारा हाच खरा ऐषआराम. गाद्यांखाली फळीला भोके पाडावीत, कपाटांची दारे जाळीची करावीत आणि शिवून घेतलेले छप्पर बूमवरून असे टाकावे की पावसातही डेकवरचे पुढचे झाकण उघडे राहील. पुठ्ठ्याचा एकही खोका बोटीवर चढू देऊ नये. झुरळांची अंडी त्याच्या घड्यांतून येतात, आणि ती एकदा आली की हलत नाहीत.

नांगर मात्र बोटीच्या मानाने एक माप मोठा घ्यावा. या आकाराच्या बोटीला 15 किलोचा चालतो असे तक्ते सांगतात, मी 20 चा घेईन. मुंबईच्या आसपास उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढते, हे साखळीच्या हिशेबात धरावे लागते. ओहोटीला 3 मीटर खोली, साडेचार मीटर चढ आणि नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यावरची उंची 1 मीटर मिळून साडेआठ झाले. त्याच्या पाचपट, म्हणजे साधारण 43 मीटर साखळी शांत हवेतही सोडावी लागते. 60 मीटरपेक्षा कमी साखळी घेऊन निघू नये.

कागदपत्रांबद्दल एकच गोष्ट आवर्जून सांगतो. बोट परदेशातून आणणार असाल तर सॅटेलाइट फोन बोटीवर ठेवू नये. भारतात तो पूर्वपरवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे.

सगळे झाल्यावर लगेच लांब जाऊ नये. महिनाभर खाडीत नांगरावर राहावे, रोज सकाळी बिल्जमध्ये (बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत) हात घालून पाणी किती आणि खारे की गोडे हे चाखून पाहावे. खारे असेल तर सी-कॉक आणि प्रोपेलरच्या शाफ्टची गळती शोधावी, गोडे असेल तर टाकी किंवा डेक; आणि यांपैकी कोठेच गळती सापडली नाही, तरीही बिल्ज ओले असेल, तर फ्रिजखालचे ताट तपासावे.