आईबाबांना जिना आणि फूटपाथ कसा उतरवायचा

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि आई ७८ची. सहा वर्षं रोज संध्याकाळी तिला खाली नेतेय, आणि जो भेटतो तो सांगतो, "आजी, हळू चाला, खाली बघून चाला." दोन्ही सल्ले अर्धवट आहेत.

निघण्याआधी: उठल्याउठल्या चालायला लावू नका, मिनिटभर उभं राहू द्या, कारण उठल्यावर बीपी खाली येऊन चक्कर येऊ शकते. चप्पल मागून पट्टा असलेलीच, साडी-गाऊन घोट्याच्या वर.

चढताना: एक हात कठड्यावर, चांगला पाय आधी, तुम्ही एक पायरी खाली. बस.

उतरताना: खरी परीक्षा इथे आहे. चढताना दम लागतो पण उतरताना मांडीच्या स्नायूंना अख्ख्या शरीराचं वजन ब्रेक लावत खाली सोडावं लागतं आणि वयानुसार तीच ताकद कमी होते, म्हणून गुडघा अचानक सुटतो. त्यात एका पायावर तोल धरणंही अवघड झालेलं असतं, म्हणजे नुसतं हळू उतरलं तर उलट एका पायावर जास्त वेळ काढावा लागतो. म्हणून हळू नाही, थांबून. दुखरा पाय आणि काठी आधी खाली, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, दोन्ही पाय टेकले की मगच पुढची. तुम्ही एक पायरी खाली, तिरके उभे. दंड धरून ओढू नका, त्याने त्यांचा तोल जातो, तुमचा वाकवलेला हात त्यांना धरू द्या.

आता चष्मा. हे मला फार उशिरा कळलं. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग वाचायला असतो, पेपरच्या अंतरासाठी, पायरी त्याहून बरीच लांब. डोळे फक्त खाली वळवले की पायरीची कड धूसर दिसते! आई शेवटच्या पायरीवर अशीच पडली, तिला वाटलं जमीन आली, पण अजून एक पायरी होती, मनगट मोडलं आणि मी शेजारी उभी होते. तेव्हापासून बाहेर जायला तिला फक्त लांबचा वेगळा चष्मा, हनुवटी खाली करून बघायचं, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी टेप. पायऱ्या मी मोठ्याने मोजते, "शेवटची" हे मीच सांगते. तिच्याशी गप्पा मात्र अजिबात नाहीत, लक्ष दोन्हीकडे पुरत नाही.

फूटपाथ: चालताना पायाचा पुढचा भाग जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो, वयात पाय अजून कमी उचलला जातो, म्हणून वर आलेला एक पेव्हर ब्लॉकही अडकवतो. कर्बशी, म्हणजे फूटपाथच्या उंच कडेशी, पूर्ण थांबा, तिरकं नाही, सरळ समोर तोंड करून, काठी खाली टेकवून मग पाय. नियमाने कर्ब १५० मिमीपेक्षा उंच नसावा पण आमच्या रस्त्यावर कितीतरी ठिकाणी आहे, तिथे मी शंभर पावलं लांब जाऊन उतार शोधते. सिग्नल अर्धा संपलेला असेल तर उतरूच नका, पुढच्या हिरव्याची वाट बघा.

घरी रोज: ओटा धरून टाचा वर-खाली, आणि खुर्चीतून हात न टेकता उठणं, जमेल तितकं. एकदा जरी पडले असतील तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्या सोबत न्या. आई असंच एक पडणं तीन महिने लपवत होती.