ओटच्या वाणांची तुलना: या चुका टाळा

ओटच्या चाचणीत सगळ्यांची नजर हेक्टरी उताऱ्यावर असते. पण गव्हाचा दाणा मळणीत उघडा होतो, तसा ओटचा होत नाही. दाण्याभोवतीचे तूस तसेच राहते आणि वजनात त्याचा वाटा साधारण 25 ते 30 टक्के असतो. त्यामुळे तुसासकट वजनावर वाण निवडणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. समजा, एका वाणाने हेक्टरी 30 क्विंटल दिले आणि तूस 30 टक्के निघाले. दुसऱ्याने 28 क्विंटल दिले, तूस 24 टक्के. पहिल्याचा गर (तूस काढलेला दाणा) भरला 21 क्विंटल, दुसऱ्याचा 21.28. क्रमांकच उलटला! बिनतुसाचे वाण चाचणीत असतील तर गराच्या वजनाशिवाय तुलना करूच नका.

तूस काढायला यंत्र नसेल तर थोडे दाणे चिमट्याने सोला, गर आणि तूस वेगवेगळे तोला. मात्र नमुना निवडून घेऊ नका. ओटच्या एकाच कणिशकात, म्हणजे लोंबीतल्या दाण्यांच्या छोट्या झुपक्यात, पहिला दाणा टपोरा, दुसरा लहान आणि तिसरा असलाच तर अगदी बारीक असतो. मळणीयंत्राचा वारा एका प्लॉटला जास्त लागला की बारीक दाणे उडून जातात. उतारा घटतो आणि प्रत उगाच चांगली दिसते. सगळ्या प्लॉटना वारा आणि चाळणी एकच ठेवा, वजनेही एकाच ओलाव्यावर आणून मांडा.

आपल्याकडे ओट मुख्यतः चाऱ्याचे पीक. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले हरिता, झाशीच्या चारा संशोधन संस्थेचा जेएचओ 822 हे चाऱ्याचे वाण. चाऱ्याची कापणी घेऊन नंतर बियाण्यासाठी सोडलेला प्लॉट आणि न कापलेला प्लॉट एका तक्त्यात बसवू नका. पीक लोळले तर ‘लोळले’ एवढेच लिहून भागत नाही. दाणा भरण्याआधी लोळले की पक्व झाल्यावर, हे लिहा.

तांबेऱ्याच्या नोंदीत एक फसगत हमखास होते. लवकर येणारा वाण रोग वाढण्याआधीच पक्व होतो आणि प्रतिकारक वाटतो. म्हणून नोंद तारखेवर नव्हे, पिकाच्या अवस्थेवर घ्या, आणि रोगाला बळी पडणारा वाण शेजारी पेरा. तोच स्वच्छ राहिला, तर त्या हंगामात प्रतिकाराची परीक्षा झालीच नाही.

एकाच वाणाचे आकडे प्रत्येक पुनरावृत्तीत (तेच सगळे वाण पुन्हा पेरलेल्या प्लॉटच्या गटात) वेगळे येत असतील तर आधी जमिनीचा उतार आणि पाण्याची दिशा बघा. प्रत्येक गटात तुल्य वाण, म्हणजे तुलनेसाठीचा ठरावीक वाण, हवाच.

बीटा-ग्लुकन (ओटमधला विरघळणारा तंतू) मोजायचे असेल तर गरच दळा. तुसासकट दळलेल्या पिठात आकडा खाली येतो. हवामानानेही तो बदलतो, म्हणून एका हंगामावर विसंबू नका. ओटमध्ये स्निग्धांश जास्त असतो आणि दळल्यावर पीठ लवकर खवट होते. स्निग्धांशाची तपासणी लगेच होणार नसेल तर दाणे अखंड, कोरडे आणि थंड जागी ठेवा आणि तपासणीच्या दिवशीच दळा.